चान्स घ्यायच्या आधी काय काय तपासून घ्यायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी सांगा

शहापूरची सून
नमस्कार सगळ्यांना. लग्नाला वर्ष होऊन गेलं, आता आम्ही दोघांनी ठरवलंय यंदा चान्स घ्यायचा. माझं वय २८, थायरॉईडची ५० ची गोळी चालू हाय, वजन जरा जास्तच हाय, आणि मुख्य म्हणजे आमचं लग्न नात्यातलं, नवरा माझ्या आत्याचाच मुलगा, म्हणजे सासू माझी सख्खी आत्या. मी आत्याला विचारलो की आधी एकदा डॉक्टरना दाखवून येऊ का, तर म्हणते आधी दिवस तर जाऊ देत, दवाखाना कुठं पळून जातोय, काही नसताना गेलीस तर गल्लीत म्हणतील हिच्यात काहीतरी दोष हाय. आशाताईला विचारलो तर ती पण म्हणाली पाळी चुकली की सांग, तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी नोंदणी कार्ड) करून देऊया. म्हणजे जे काय सुरू व्हायचं ते पाळी चुकल्यावरच. नवरा उद्यमबागला फौंड्रीत हाय, भट्टीवर, आणि तंबाखूची सवय. तर मला विचारायचंय की किती महिने आधीपासून काय करायचं, कुणाला दाखवायचं, आणि त्याचं पण काही तपासायचं असतं का? हसू नका प्लीज.

येळ्ळूरची सिस्टर
हसायचं काय त्यात गे. उलट आधी विचारणारी हजारात एखादी भेटते. मी ए.एन.एम. म्हणजे सरकारी नर्स म्हणून नोकरी केले, आता रिटायर आहे, आयुष्यभर बायका माझ्याकडं आल्या त्या तिसरा नाहीतर चौथा लागल्यावर. पहिल्यांदा हे समजून घे की पाळी चुकल्यावर सुरू करायचं म्हणजे एक गाडी सुटलेली असते. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत बाळाच्या मेंदूची न् मणक्याची नळी बंद व्हायची असते, आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड नावाच्या जीवनसत्त्वाची गोळी लागते. आता हिशोब कर की, पाळी चुकते तेव्हाच गर्भाला दोन आठवडे झालेले असतात, मग आपण चार दिवस वाट बघतो, मग सासूला सांगायचं की नाही यात आठवडा, मग टेस्ट, मग अमावस्या झाल्यावर जाऊया, असं करत दवाखान्याची पायरी चढेपर्यंत ती नळी बंद झालेली असते नाहीतर उघडी राहिलेली असते. त्यानंतर फॉलिक ॲसिड खाल्लं तर बाकीचे उपयोग होतील पण ती नळी काही परत बंद होत नाही. म्हणून गोळी निदान १ महिना आधी सुरू पाहिजे, मी तर ३ महिने म्हणते, आणि पुढं १२ आठवडे पुरे होईपर्यंत.

दुसरं तुझं थायरॉईड. पहिल्या तीन महिन्यात बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी काम करत नाही, ते सगळं आईच्यावर चालतं. तू गोळी घेतेस म्हणजे तुझं टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) चान्स घ्यायच्या आधीच २.५ च्या खाली आणून ठेवलेलं बरं. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की गोळी चालूच ठेवायची, लगेच डॉक्टरना सांगायचं, बहुतेक डोस वाढवावा लागतो. आमच्यात उलटं करतात, दिवस राहिले की बाळाला बाधेल म्हणून सगळ्या गोळ्या बंद करतात आणि त्यात थायरॉईडची पण जाते.

हिमोग्लोबिन बघ, १२ च्या वर पाहिजे. शुगर बघ, वजन जास्त हाय म्हणतेस आणि घरात कुणाला डायबेटिस असेल तर एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) करून घे. ज्यांना आधीच शुगर हाय त्यांनी ते ६.५ च्या खाली आणूनच चान्स घ्यायचा, पहिल्या महिन्यात वाढलेली शुगर बाळाच्या हृदयावर जाते. बीपी. आणि एचआयव्ही, कावीळ बी, व्हीडीआरएल (सिफिलिस म्हणजे गरमीची तपासणी) हे दोघांचं. एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, नाव बाहेर जात नाही. लाजायचं नाही, आपला जिल्हा या बाबतीत काही मागं नव्हता.

जायचं कुठं तर कुठल्याही चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडं, नाहीतर तालुका दवाखान्यात, जिल्हा दवाखान्यात म्हणजे बिम्सला ओपीडीत. केसपेपर काढताना सरळ सांग, चान्स घ्यायच्या आधी सल्ला पाहिजे.

गुळाचा खडा
एवढं सगळं करायचं म्हणजे मूल व्हायच्या आधीच माणूस आजारी पडेल 😀 आमच्या आजीला कुठली फॉलिक ॲसिड नि कुठलं टीएसएच, शेतात बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी खुरपायला. हल्ली सगळा डॉक्टरांचा धंदा.

लॅबवाली
आजीला किती झाली ते सगळेच सांगतात, किती जगली ते पण विचारा एकदा.

मेडिकल दुकान, खानापूर
फॉलिक ॲसिडबद्दल दुकानातलं सांगतो कारण रोज हा घोळ होतो. ज्यांना काही त्रास नाही त्यांना दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. पण दुकानात साधी फॉलिक ॲसिडची स्ट्रिप मागितली तर बहुतेक ५ मिलिग्रॅमची मिळते, म्हणजे बारा पटीच्या वर. ती कुणाला लागते तर आधीचं बाळ मणक्याच्या दोषाचं झालेलं असेल, डायबेटिस असेल, फिट्सची औषधं चालू असतील, वजन फारच जास्त असेल, अशांना, तेही डॉक्टर लिहून देतात तेव्हा. बाकीच्यांनी ५ ची खाल्ली तर विष नाही, पण गरज नाही. चिठ्ठी घेऊन या म्हणजे मापाची देता येते. आणि सरकारी लाल गोळी असते ना, गरोदर बायकांना देतात ती, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती वेगळी.

आणखी एक, लोक फोन करून विचारतात अमुक गोळी चालू हाय, चालेल का. मुरुमांवरची आयसोट्रेटिनोइन, बीपीच्या काही गोळ्या, रक्त पातळ करायची वॉरफरिन, संधिवातावरची मेथोट्रेक्सेट, ह्या बाळाला घातक आहेत. मेथोट्रेक्सेट तर महिनोन्महिने आधी थांबवावी लागते. ज्या कुठल्या गोळ्या चालू आहेत त्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरकडं न्या, नुसतं पांढरी गोळी म्हणून सांगितलं तर कुणालाच कळत नाही.

चिकोडीकडची
माझ्या नणंदेला लहानपणापासून फिट्स आहेत, व्हॅल्प्रोएट चालू हाय, पुढच्या महिन्यात लग्न. घरात म्हणालेत लग्नानंतर गोळी बंद कर. काय करू सांगा सिस्टर.

येळ्ळूरची सिस्टर
बंद करू देऊ नको बाई, मनाने तर मुळीच नको. गोळी अचानक सोडली की मोठा झटका येतो, त्यात आईचा जीव जातो. पण व्हॅल्प्रोएट पण बाळाला वाईट, मणक्याचा दोष होतो, पुढं बुद्धीवर पण परिणाम होतो. म्हणून लग्नाच्या आधीच मेंदूच्या डॉक्टरला दाखवून दुसरं सुरक्षित औषध हळूहळू सुरू करायचं, ते बसेपर्यंत कुटुंब नियोजनाचं साधन वापरायचं, फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅमची. आणि सासरी आजार लपवून लग्न करत असाल तर हे सगळं गुपचूप कसं होणार, त्याचा पण विचार करा की.

चिकोडीकडची
सांगितलंय त्यांना, मुलगा पण समजूतदार हाय. दाखवतो आम्ही. आणि एक माझं स्वतःचं, आम्ही जैन, घरात अंडं तर सोडाच कांदालसूण पण नाही, माझं बी१२ तपासलं तर १२० आलं. त्याचा पण यात संबंध असतो का?

मेडिकल दुकान, खानापूर
असतो ताई. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड जास्त डोसमध्ये चालू ठेवलं तर रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. १२० म्हणजे कमीच. आधी बी१२ भरून घ्या, इंजेक्शन का गोळ्या ते डॉक्टर ठरवतील. दूध दही ताक पोटात जाऊ दे, पण एवढं खाली गेलेलं नुसत्या ताकानं वर येत नाही.

शहापूरची सून
बापरे किती माहिती. सिस्टर, मी जुना रिपोर्ट काढून बघितलो तर टीएसएच ४.१ हाय आणि त्याच्यापुढं नॉर्मल लिहिलंय, म्हणून मी निर्धास्त होतो. आणि नात्यातल्या लग्नाचं कुणीच काही बोललं नाही 🙁 तेच जास्त डोक्यात हाय. कुणी म्हणतं काही होत नाही आपल्यात सगळ्यांचीच अशी लग्नं, कुणी म्हणतं मूल मुकंबहिरं होतं.

लॅबवाली
रिपोर्टवरचं नॉर्मल हे सगळ्या मोठ्या माणसांसाठी छापलेलं असतं ताई, त्यात चान्स घेणारी बाई, साठीचे आजोबा सगळे एकाच रकान्यात. तो रिपोर्ट जुना झाला, परत करा आणि डॉक्टरना सांगून करा कशासाठी करताय ते.

नात्यातल्या लग्नाचं सांगते, मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, पण रोज हेच बघते. आपल्या भागात मामाची मुलगी केली नाही तर मामा रुसतो अशी परिस्थिती, काही घरात तर बहिणीची मुलगी करतात. कुठल्याही जोडप्याला बाळात मोठा जन्मदोष असण्याची शक्यता शंभरात २-३ असते, सख्ख्या आतेमामे भावंडांत ती साधारण दुप्पट होते, शंभरात ४-६ धरा. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णव पंच्याण्णव जणांना काही होत नाही, म्हणूनच गल्लीतला माणूस म्हणतो की आमच्यात कुठं काय झालं. आणि ज्यांच्यात झालं ते बोलत नाहीत. मामाभाचीत रक्त आणखी जवळचं, तिथं जास्त.

कारण असं की प्रत्येकाच्या अंगात एखाददुसरी बिघडलेली जीन्स असतेच, एकच असेल तर त्रास नसतो. परक्यात लग्न केलं तर दोघांची बिघडलेली जीन सहसा वेगवेगळी. नात्यात आजोबांकडून तीच दोघांकडं आलेली असू शकते आणि मग बाळाला दोन्हीकडून मिळायची शक्यता चारात एक. फॉलिक ॲसिडनं ह्याला काही फरक पडत नाही, हे वेगळं प्रकरण.

मग करायचं काय, तर डॉक्टरकडं जाताना दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची माहिती घेऊन जा. तुमच्याकडं सोपं आहे, आजी-आजोबा एकच 😀 कुणाचं मूल बहिरं होतं का, कुणाचं लहानपणी गेलं आणि कारण कळलं नाही का, कुणाला वारंवार रक्त चढवायला लागायचं का, चालता चालता पाय गेलेला मुलगा, अशी. हे म्हाताऱ्या बायकांनाच माहीत असतं आणि त्या एकदम सांगत नाहीत, दोन कप चहा झाल्यावर हळूच आठवतं त्यांना, अगं ती अमकीचं पहिलं होतं की, असं.

तपासण्यांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यांनीच करावी अशी म्हणजे थॅलेसेमियाची, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आधी साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. त्यात हिमोग्लोबिन थोडंसंच कमी, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) मात्र ६५ वगैरे आणि लाल पेशींचा आकडा उलट जास्त, असं दिसलं की मी स्वतः डॉक्टरना फोन करते. अशा बायका वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात असतात आणि हिमोग्लोबिन काही वाढत नाही. मग एचपीएलसी करायची, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघायचे, त्यात एचबीए२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय. लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटा कमी येतो म्हणून दोन्ही एकत्र बघतात. मायनर म्हणजे आजार नाही, आयुष्यभर कळत पण नाही. पण दोघेही मायनर असतील तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता मेजरची, आणि मेजर म्हणजे ते बाळ जन्मभर रक्तावर. एकाचा रिपोर्ट चांगला आला तर दुसऱ्याचा करायची घाई नसते, पण तुम्ही नात्यातले, दोघांचा करून टाका. आधी कळलं तर पुढं गर्भजलाची नाहीतर वारेची तपासणी करून बघता येतं, सहाव्या महिन्यात कळून काय उपयोग.

उद्यमबाग फर्स्ट शिफ्ट
वैनी, तुम्ही भट्टी म्हणालात म्हणून लिहितोय. मी पण फौंड्रीतच. पुरुषाचं काही तपासायचं असतं का म्हणून विचारलंय, तर असतं की. पुरुषाचं बी तयार व्हायला अडीच महिने लागतात, ७४ दिवसांच्या आसपास, म्हणजे आज सोडलेल्या तंबाखूचा फायदा तीन महिन्यांनी. आणि ते तयार व्हायला अंगापेक्षा थोडं थंड वातावरण लागतं म्हणून देवानं ती जागा अंगाच्या बाहेर ठेवलीय. आता आमचं काम बघा, क्युपोला (लोखंड वितळवायची भट्टी) सुरू असताना समोर आठ तास, आत जाडी पँट, वर ॲप्रन, घाम गुडघ्यापर्यंत. ओतकाम असेल त्या दिवशी चड्डी पिळून काढावी लागते. डॉक्टर आम्हाला म्हणाले भट्टीचं काम करणाऱ्यांत, तासन्‌तास गाडी चालवणाऱ्यांत काउंट म्हणजे बीजांची संख्या कमी दिसू शकतो, सगळ्यांचाच होतो असं नाही. सुपरवायझरला सांगून थोडे महिने मोल्डिंगला नाहीतर पॅकिंगला मागता येतं का बघा, सुती सैल कपडे, मध्ये मध्ये बाहेर वाऱ्याला. कारण खरं सांगायची गरज नाही, पाठ धरलीय म्हणा.

आणि काउंटची तपासणी लवकर करा. बायकोच्या पोटाच्या दहा तपासण्या होतात तरी नवरा लॅबची पायरी चढत नाही, ही आपल्याकडची पद्धत. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाखाच्या वर असलं म्हणजे बरं, आणि एक रिपोर्ट कमी आला म्हणून लगेच हाय खायची नाही, ताप येऊन गेला तरी कमी येतो, काही आठवड्यांनी परत करायचा. शनिवारी चोर्ला घाटातून गोवा हा कार्यक्रम पण कमी करायचा, बीअर म्हणजे दारू नव्हे असं आमच्यात बरेच जण मानतात.

निपाणीकर
तंबाखूचा विषय आला म्हणून. नवऱ्याच्या तंबाखूवर सगळे बोलतील, बायकांच्या मिश्रीवर कोण बोलणार? आमच्या निपाणीत घराघरात हाय. तव्यावर तंबाखू भाजून काळी करायची, कुटून डबीत भरायची, भाजताना अख्ख्या घराला ठसका लागतो. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, दुपारी डोकं दुखतंय म्हणून एकदा. विचारलं तर म्हणतात दात घासतो आम्ही, तंबाखू कुठं खातो. अहो बोट हिरडीवर अर्धा तास फिरतंय, निकोटीन रक्तात जाणारच की. बाळ वजनाला कमी भरतं, दिवस भरायच्या आधी होतं, हे डॉक्टर सांगून थकले. आणि ही सवय सुटते कधी तर दिवस राहायच्या आधी सोडायला बसलं तर, एकदा उलट्या सुरू झाल्या की बायका म्हणतात मिश्रीनंच बरं वाटतं, मग ती दुप्पट होते.

त्यापेक्षा अवघड विडी वळणाऱ्यांचं. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखूचा ढीग, दिवसभर बोटं त्यात आणि तो धुरळा नाकात. वखारीत काम करणाऱ्या पोरींना पहिले काही दिवस चक्कर उलटी होते ती त्यामुळंच. पोट हातावर असणाऱ्या बाईला काम सोड म्हणून सांगणं सोपं नाही, मला तरी ते तोंडानं म्हणवत नाही. पण निदान तोंडाला फडकं, काम झाल्यावर हात कोपरापर्यंत साबणानं धुऊन मगच जेवणं, पोराला घेणं, झोपायच्या खोलीत तंबाखूचं पोतं न ठेवणं, एवढं होतं. जमलं तर पानं कापायचं, बंडल बांधायचं काम मागून घ्यायचं.

शहापूरची सून
निपाणीकर तुम्ही आमच्या घरात डोकावून लिहिलात काय! आत्याची डबी चुलीजवळ कायम. मी लावत नाही पण लग्न झाल्यापासून ती मला म्हणते दात दुखतोय ना, लाव जरा. आता दातच दाखवून येतो आधी. नवऱ्याला उद्यमबागवाल्या भावजींची पोस्ट वाचून दाखवलो, आधी हसला, मग ७४ दिवसांचं ऐकून गप्प बसला, मग म्हणाला म्हणजे गणपतीपर्यंत तंबाखू बंद करून बघू. बघू म्हणालाय, बंद म्हणाला नाही.

येळ्ळूरची सिस्टर
दात दाखव, बरोबर हाय. हिरड्या सुजलेल्या असल्या तर आधी साफ करून घेतलेलं चांगलं, पोटुशी असताना एक्सरे नको न् औषधं नकोत म्हणून दात तसाच दुखत ठेवतात बायका.

लसीचं राहिलंच की. रुबेला. आपल्या कर्नाटकात २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, ती ९ महिने ते १५ वर्षांच्या पोरांसाठी. तू तेव्हा कॉलेजात असशील, तुला काही ती मिळाली नसणार. साधी पुरळ येऊन जाते म्हणून कुणी मनावर घेत नाही पण पहिल्या तीन महिन्यात आईला झाली तर बाळाचे डोळे, कान, हृदय तिन्ही जातात. आयजीजी तपासून घे, म्हणजे अंगात रुबेलाची प्रतिकारशक्ती हाय का ते कळतं, नसेल तर एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेलाची) लस घे, आणि मग १ महिना चान्स घ्यायचा नाही, कारण ती जिवंत लस. दिवस राहिल्यावर ती देताच येत नाही, म्हणून आधीच. कांजिण्या लहानपणी आल्या नसतील तर त्याची पण लस, दोन डोस.

आणि ज्यांच्या घरात जनावरं आहेत त्यांनी ऐका. म्हैस गाय गाभडली तर ते उचलायला घरची सून पुढं असते. चान्स घेणारीनं नाहीतर पोटुशीनं तिथं हात लावायचा नाही, ब्रुसेला म्हणून एक जंतू असतो, त्यानं माणसात पण गर्भपात होतो. दूध उकळूनच. धारोष्ण दूध ताकदीचं म्हणून सुनेला पाजणाऱ्या आज्या अजून आहेत आमच्या येळ्ळुरात.

माळमारुती
खाण्यापिण्याचं कुणी सांगेल काय? ते गर्भसंस्कारवाले लई महाग पावडर देतात.

नाचणीचं आंबील
पावडर राहू दे तिकडं. भाकरी, हरभऱ्याची भाजी, चाकवत, राजगिरा, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी, हे आपल्याकडं घरातच हाय की. नाचणी आमच्या खानापूरची. खाणारे असाल तर अंडी, मासे. मीठ आयोडीनचं. मला वाटतं चूक होते ती चहाची, जेवण झालं की लगेच बशीत चहा, त्यानं भाजीतलं लोह अंगी लागत नाही, तास दोन तास मध्ये जाऊ देत आणि जेवताना लिंबू पिळून घ्या. आणि सुना शेवटी जेवतात, तोवर कढईत भाजी उरत नाही, रस्सा नि भाकरी. याला कुठली गोळी हाय?

जाता जाता, बायकांच्या आधीपासूनच्या खाण्यावर झालेला एक मोठा अभ्यास आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत पण झालाय, जेएनएमसी या बेळगावच्या मेडिकल कॉलेजवाल्यांनी केला, कांगो, ग्वाटेमाला, पाकिस्तान आणि भारत अशा चार देशांत, २०१९ ला छापून आला. काही बायकांना दिवस राहायच्या निदान ३ महिने आधीपासून पोषक पेस्ट रोज दिली, काहींना तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू केली, काहींना काहीच दिली नाही. पेस्ट मिळालेल्या दोन्ही गटांतली बाळं न मिळालेल्यांपेक्षा लांबीला जास्त भरली. आपल्या शेजारच्या खेड्यातल्या बायका त्यात होत्या आणि आपल्यालाच माहीत नाही.

येळ्ळूरची सिस्टर
वजनाचं पण. जास्त हाय त्यांनी उपास करून आठवड्यात दहा किलो उतरवायला जाऊ नका, पीसीओडीवाल्यांना तर आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के कमी झालं तरी पाळी मार्गावर येते. आणि फार बारीक असणाऱ्यांनी पण वाढवायला पाहिजे, त्यांना कुणीच काही बोलत नाही, उलट फिगर चांगली म्हणतात.

चंदगड फाटा
आमच्याकडून सगळे बेळगावलाच येतात दवाखान्याला. दोन प्रश्न. पहिली मुलगी आता दीड वर्षाची, नंतर मी पाळणा लांबवायचं अंतरा इंजेक्शन घेत होते, शेवटचं तीन महिन्यांपूर्वी, पाळीच येत नाही, चान्स कधी घेऊ? आणि सासूबाई एका गावातून मुलगा होण्याचं औषध आणणार आहेत, दीड महिन्याच्या आत दुधातून घ्यायचं असतं म्हणे. आयुर्वेदिक हाय म्हणतात, घ्यावं की नाही?

मेडिकल दुकान, खानापूर
दुसरं आधी. घेऊ नका. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्या क्षणी ठरतं आणि ते पुरुषाच्या बीजावर ठरतं, नंतर कुठलं औषध ते बदलू शकत नाही. पण दीड महिना म्हणजे नेमका बाळाचे अवयव घडायचा काळ, आणि अशा पुड्यांत शिसं, पारा सापडलेला हाय. अर्ध्या वेळेला मुलगा होतोच, म्हणून औषध देणाऱ्याचं नाव होतं. आणि तपासून मुलगा-मुलगी सांगणं तर १९९४ च्या कायद्यानं गुन्हा, कर्नाटकात काय नि महाराष्ट्रात काय.

येळ्ळूरची सिस्टर
अंतराचं घाबरू नको. ते इंजेक्शन सोडल्यावर शरीर मार्गावर यायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून ७ ते १० महिने धर. कायमचं काही बिघडत नाही. तांबी किंवा गोळ्या सोडल्या तर लगेच राहू शकतं, इंजेक्शनचंच असं. तेवढ्यात तुझी मुलगी दोन वर्षांची होईल, एका बाळंतपणानंतर परत दिवस राहायला तेवढं अंतर पाहिजेच, सिझेरियन झालं असेल तर जास्तच. सासूबाईंना सांग सिस्टर ओरडल्या.

माळमारुती
आणि कुठल्या दिवशी वगैरे? ॲप एक सांगतं, मैत्रीण एक सांगते.

लॅबवाली
पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी बीज सुटतं. २८ दिवसांचं चक्र असेल तर चौदावा दिवस, ३२ चं असेल तर अठराव्याच्या आसपास, सगळ्यांना चौदावा लागू नाही. बीज दिवसभरच टिकतं पण पुरुषाचं पाच दिवसांपर्यंत टिकतं, म्हणून ते आधीचे पाच दिवस आणि तो दिवस. एवढा हिशोब नको असेल तर दर दोन-तीन दिवसांनी संबंध असले तरी पुरतं. दहातल्या आठ जोडप्यांना वर्षभरात राहतं. वर्ष झालं तरी नाही तर दाखवायचं, बाईचं वय ३५ च्या वर असेल तर ६ महिन्यांतच. दुसऱ्याच महिन्यात टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून रडत येतात पोरी, घरचे विचारून विचारून जीव नकोसा करतात त्यांचा.

शहापूरची सून
सगळ्यांना थँक्यू. सोमवारी दोघं जाणार, आत्या पण येतो म्हणालीय, तिला तीन पिढ्यांचं विचारतील म्हटल्यावर एकदम महत्त्व आलंय 😀 आताच सांगायला लागलीय कुणाकुणाचं काय झालं होतं ते, त्यातलं अर्धं मला आजच कळलं. सिस्टर, शेवटचं एक. रुबेलाची लस घेतली आणि चुकून त्याच महिन्यात राहिलं तर काय, पाडायला लागतं काय?

येळ्ळूरची सिस्टर
नाही गे. थांबायला सांगतात ते सावधगिरी म्हणून. लसीमुळं बाळाला रुबेलाचा दोष झाला असं आजवर दिसलेलं नाही, त्या कारणानं गर्भपात करायचा नसतो. डॉक्टरना लसीची तारीख सांगायची आणि पुढं चालू ठेवायचं. पण महिनाभर निरोध वापरा म्हणजे प्रश्नच नको. केसपेपरची खिडकी लवकर बंद होते, सकाळीच जा, आणि शुगर उपाशीपोटी असते तेव्हा चहा घरी पिऊन जाऊ नको.